पेचकसाला धार नसते

दुकानाच्या दारात अजूनही आठवड्यातून एखादी बाई विळी नाहीतर कात्री घेऊन उभी राहते. आत चाक फिरतंय, ठिणग्या उडतायत, म्हणजे इथं धार लावून मिळणार असं तिला वाटतं. मी सांगते, धार लावत नाही. मग काय करता? पेचकस करते. म्हणजे? म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू पिळायचा. यावर ती जे बघते ते बघणं मला पाठ झालंय. अगं बाई, तो तर हार्डवेअरच्या दुकानात पाहिजे तेवढा टांगलेला असतो, तो घडवत बसायला तुला दुसरा उद्योग नाही का? नाही. मला दुसरा उद्योग नाही, आणि हा मिळवायला मी जेवढी भांडलेय तेवढं कुणी शेताच्या बांधावरून भांडलं नसेल.

धार लावायला मी नाही म्हणते त्यालाही कारण आहे. या दुकानात मी एकदाच धार लावली. एका दुपारी, तेवीस हत्यारांना. त्यापायी या घरातली माझी जागा जाता जाता राहिली.

माझं माहेर पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं, त्यात माझे आईवडीलही. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. अमक्या गावातून इतके कोयते निघाले, म्हणजे इतकी जोडपी निघाली. तर अशा एका कोयत्याची मी लेक. लग्न नगरला ठरलं ते मुलगा एमआयडीसीत कायम आहे म्हणून. सासरे बंदुका दुरुस्त करतात हे कळल्यावर वडील जरा बिचकले. आई म्हणाली, “बिचकायचं काय त्यात? ते बी हत्यार, आपलं बी हत्यार.” आणि पाठवणीच्या वेळी तिनं आपला जुना कोयता जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला. सासरी कोयत्याचं काय काम, मी विचारलं. “असू दे. लोखंड कवा वाया जात न्हाई,” म्हणाली.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. घर वर, दुकान खाली. दुकान म्हणजे एक लांब खोली, खिडकीखाली जाड लाकडी बाक, कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि भिंतीवर चौकटीत लायसन. गिऱ्हाईक म्हणजे पिकाच्या राखणीला बारा बोअर ठेवणारे बागायतदार, बँकेच्या दारावरचे पहारेकरी, आणि रिटायर फौजी, ज्यांना नगरात तोटा नाही. पण मामांचा जीव कपाटातल्या बंदुकांत नव्हता. तो बाकावरच्या एका कापडी गुंडाळीत होता. आत्याबाईंनी कप्पे शिवून दिलेली ती गुंडाळी, आणि कप्प्यांत तेवीस पेचकस, सगळे मामांनी हातानं केलेले.

हातानं का, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बाजारातल्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर लावला की ते खाचेतून वर सरकतं आणि खाचेच्या कडा फाडतं. जुन्या बंदुकीच्या स्क्रूची खाच तर नखाच्या कडेएवढी बारीक, आणि प्रत्येकीची निराळी. मामा त्या कडांना ओठ म्हणायचे आणि पेचकसाच्या टोकाला जीभ. जीभ सपाट, दोन्ही बाजूंनी सरळ आणि खाच गच्च भरेल एवढी हवी. स्क्रूचे ओठ फाटलेले दिसले की ती बंदूक कुणातरी अडाण्याच्या हातून गेलीय असं समजायचं. म्हणून ज्या स्क्रूला हातातला एकही पेचकस बसत नाही, त्याच्यासाठी मामा नवा घडवायचे.

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मामा डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. आत्याबाई म्हणाल्या, “उद्या हत्यारांची पूजा. बाकावरचं समदं पुसून ठेव.” मी गुंडाळी उघडली, पहिला पेचकस काढला, टोकावरून अंगठा फिरवला. बोथट. दुसरा काढला, तोही बोथट. माझ्या माहेरी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आई सगळ्या कोयत्यांना कानस मारत बसायची. बोथट हत्यार देवापुढं ठेवू नये, असं तिचं ठाम मत होतं. मला मामांची दयाच आली. म्हातारा माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, धार लावायची राहून गेली असणार. मी कोपऱ्यातलं विजेचं चाक चालू केलं आणि तेवीसच्या तेवीस पेचकसांना अशी धार लावली की त्यांनी काकडी चिरली असती. वर तेलाचं बोट फिरवलं, ओळीनं मांडले, झेंडूचं एकेक फूल ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. हौस बघा माझी.

मामा आले. बाकाजवळ उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“हे कुणी केलं?”

“म्या केलं. लई बोथट हुते, मामा.”

त्यांनी त्यातला सगळ्यात बारीक उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. टोकाला निळा डाग पडला होता. “पाणी उतरलं,” म्हणाले. “समद्यांचं पाणी उतरवलंस.”

पोलाद लाल करून तेलात विझवलं की त्याला जो कणखरपणा येतो त्याला या धंद्यात पाणी म्हणतात. चाकावर दाबून धरलं की टोक तापतं, निळं पडतं आणि ते पाणी जातं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं ते माझ्याचबद्दल बोलतायत. मग त्यांनी आत्याबाईंकडं तोंड केलं आणि मी समोर उभी असताना, जणू मी तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाले, “उसाच्या फडातली कोयतेवाली ही. हिला काय कळायचं पेचकसाला धार नसती म्हून.”

चूक माझी होती. ती मी तेव्हाही कबूल केली, आजही करते. पण ती माझ्या हाताची चूक होती, माझ्या माहेराची नव्हती. माझं डोकंच फिरलं.

“मामा, म्या बिघडवले, म्या करून देते.”

“बाकाला हात लावायचा न्हाई. हितं लायसनचं काम चालतं.”

“लायसन बंदुकीला लागतं. पेचकसाला कुणाच्या बापाचं लायसन लागत न्हाई.”

लग्नाला पाच महिने झालेले आणि मी सासऱ्यासमोर बाप काढला. आत्याबाई मटकन पायरीवर बसल्या. मामांनी मात्र माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. “मग कर की,” म्हणाले. “जुन्या बंदुकीचा स्क्रू ओठ न फाटता निघंल, असा एक पेचकस करून दाव. एकच. तवर या बाकाला शिवायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी पाटावर हातोडी, पकड, कानशी, सगळं मांडलं. पेचकसांची गुंडाळी मामांनी मांडू दिली नाही, तिची जागा मोकळी ठेवली. आलागेला विचारायचा, यंदा पेचकस कुठायत? आत्याबाई माझ्याकडं बघायच्या. मी मान खाली न घालता चहा आणून ठेवायचे.

जाड होते ते पेचकस मामांनी पुन्हा घासले, पुन्हा पाणी दिलं आणि उभे केले. बारीक आठ मात्र गेले ते गेलेच. ते त्यांनी तरुणपणी केलेले. आता तेवढं बारीक काम डोळ्यांना झेपत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला ‘कोयतेवाली’ म्हणायला मात्र त्यांना रोज निमित्त सापडायचं. कोयतेवाली, चहा झाला का. कोयतेवालीनं आज भाजीत मीठ घातलंय का.

मी परसात, मोरीच्या कडेला माझा बाक थाटला. बाक म्हणजे वरवंटा हरवल्यामुळं पडून राहिलेला पाटा. आमच्या ह्यांनी एक कानस, एक करवतीचं पातं आणि पॉलिश पेपर आणून दिला आणि म्हणाले, “मी आणलं म्हणून सांगू नको.” एवढीच त्यांची मर्दुमकी. मामा खाली पोलाद तापवायला लागले की मी जिन्यात जाऊन बसायचे. बाकाला शिवायचं नाही म्हणाले होते, बघायचं नाही असं म्हणाले नव्हते. त्यांनाही मी दिसायचे, पण त्यांनी कधी हाकललं नाही. उलट कधी कधी जरा मोठ्यानंच पुटपुटायचे: विझवल्यावर पोलाद काचेसारखं होतं, मग त्याला पुन्हा हळूहळू ऊब द्यायची, आधी कडब्याचा रंग येतो, मग गुळाचा, मग वांग्याचा, वांग्यावर थांबायचं, पुढं गेलं की मऊ पडलं. हे ते स्वतःशी बोलायचे की मला सांगायचे, ते आजही मला माहीत नाही.

पहिला पेचकस मी मोठ्या खिळ्याचा केला. भांड्यांच्या रॅकच्या स्क्रूत घालून पिळला, जीभ पिळून वेडीवाकडी झाली. मग भंगार बाजारातून जुन्या कानशी आणल्या. नेमका शनिवार होता. आत्याबाई दारातच आडव्या झाल्या. “शनिवारी लोखंड घरात? शिंगणापूर काय लांब हाय का हितनं?” मी म्हटलं, “आत्याबाई, घरात कपाटभर लोखंड आधीच बसलंय. शनिदेव काय मोजून बघनार हाय?” कानशीचे पेचकस दिसायला झकास झाले. पहिला, जोर लावताच, काडकन मोडला. दुसरा मोडला. तिसरा मोडला तेव्हा तुकडा उडून आत्याबाईंच्या पुढ्यातल्या तांदळात पडला. त्यांनी तांदूळ निवडता निवडता तुकडा खड्यासारखा बाजूला ठेवला, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या हिवाळ्यात निवडणूक झाली. निवडणुकीत लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि परत मिळाल्या की दोन महिने पडून राहिल्यानं कुणाचं तेल वाळलेलं असतं, कुणाचा चाप अडकतो. पुणतांब्याकडचे एक रिटायर सुभेदार आपल्या आजोबांची दुनळी घेऊन आले. एका नळीचा चाप हलत नव्हता. आत जायचं तर बाजूची पाटी काढायला हवी, पाटीला एकच स्क्रू, आणि त्याची खाच केसाएवढी. मामांनी भिंग लावलं. गुंडाळीतला एकेक पेचकस नुसता टेकवून बघितला. एकही आत जाईना.

“बारीक पेचकस कुठं गेले तुमचे?” सुभेदारांनी विचारलं.

“आमच्या कोयतेवालीनं धार लावली त्यास्नी.”

सुभेदार पोटभर हसले. मग म्हणाले, “मी दोन दिवस लेकीकडं हाय नगरातच. होत नसेल तर पुण्याला नेतो.”

मामांनी भिंग काढून बाकावर ठेवलं. मी जिन्यात होते. आयुष्यात कुणाची बंदूक त्यांनी न उघडता परत पाठवली नव्हती, आणि आता त्यांच्या तोंडावर ‘न्या’ हा शब्द आलेला मला दिसत होता. ही दुनळी पुण्याला गेली असती तर मला त्या बाकावर कुणी कधी बसू दिलं नसतं. जन्मभर मी कोयतेवालीच राहिले असते, आणि हा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर मिळाला असता. मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेतला आणि खाली उतरले.

“सुभेदार, हसून झालं आसंल तर दोन दिवस थांबा.” मग मामांकडं वळले. “बंदुकीला हात न्हाई लावत म्या. तुमीच ही कणीक त्या खाचेत दाबून द्या. मला माप पायजे.”

मामांनी कणकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग गोळा घेतला आणि खाचेवर दाबला. उचलला तेव्हा कणकेवर खाचेचा छाप उभा होता, पातळ, सरळ.

माप मिळालं, पण लोखंड कुठून आणायचं? खिळा वाकतो, कानस मोडते. न वाकणारं आणि न मोडणारं असं मी आयुष्यात काय बघितलंय, याचा विचार करत मी पाट्याशी बसले होते, आणि एकदम पेटी आठवली. कोयता ट्रकच्या कमानपाट्यापासून करतात. आईचा तो कोयता उसाच्या बुडख्यावर हाणताना कितीदा दगडावर बसला असेल. वाकला नव्हता, मोडला नव्हता.

आईला फोन लावला. ती तेव्हा बेलापूरच्या बाजूला फडात होती, मागं उसाच्या वाळक्या पाचटाचा आवाज येत होता. सगळं सांगितलं, कोयतेवाली म्हणतात तेही सांगितलं. “आई, तुझा कोयता कापू का?”

“पात्यात दम हाय का आजून?”

“हाय.”

“मंग काप. आजवर दुसऱ्याचा ऊस तोडला त्यानं. एकदा तुजं काम करू दे.”

मला रडू आलं, पण रडत बसायला सवड नव्हती. कोयता चुलीत लाल केला, राखेत पुरून सावकाश गार होऊ दिला, मग कुठं करवत चालली. पात्याची एक पट्टी निघाली. चाक दुकानात, म्हणून सगळं हातानं: कानस, मग पाट्यावर पॉलिश पेपर. एका बाजूला दोन हात, दुसऱ्या बाजूला दोन हात, मग कणकेच्या छापाशी धरून बघायचं. दर वेळी जाड. दुसऱ्या दिवशी सकाळी जीभ छापाएवढी झाली, ना कमी ना जास्त. तापवायला शेगडी पेटवली, तर आत्याबाई आल्या आणि वारा घालायला लागल्या. तेलाचा डबाही त्यांनीच आणला, घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, सणालाच काढायच्या त्या. लाल झालेली पट्टी त्यात गेली, चर्र झालं. मग पुन्हा ऊब. कडबा आला, गूळ आला. आम्ही दोघी वाकून बघत होतो. “वांगं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि मी ती पाण्यात टाकली. मूठ कोयत्याचीच बसवली.

दुपारी सुभेदार आले. मी पेचकस बाकाच्या कडेवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरले. मामांनी तो उचलला, जिभेवरून अंगठा फिरवला. खाचेवर टेकवला. तो आत बसला आणि हलेना, इकडं नाही की तिकडं नाही. मामांनी तळहात मुठीवर दाबला आणि मनगट वळवलं. काही झालं नाही. पुन्हा वळवलं. तिसऱ्यांदा बारीकसा कुरकुर आवाज आला आणि स्क्रू फिरला.

पूर्ण निघाल्यावर मामांनी तो भिंगाखाली धरला. बराच वेळ बघितलं. मग भिंग सुभेदारांकडं सरकवलं. ओठ जसेच्या तसे होते.

“लोखंड कुठलं?” मामांनी विचारलं, माझ्याकडं न बघता.

“माज्या आईच्या कोयत्याचं.”

मामांनी पायानं बाकाखालचं स्टूल बाहेर ओढलं. “बस,” म्हणाले.

मागून आत्याबाई म्हणाल्या, “पोलादाला पाणी पाजलं पोरीनं. तुमालाबी पाजलं.” सुभेदार पुन्हा हसले, पण या वेळी माझ्यावर नाही.

त्या दिवसापासून मामा मला सूनबाई म्हणायला लागले. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी म्हटलं, “का बंद केलं? म्हना की कोयतेवाली. आमच्याकडं मानसालाच कोयता म्हनतात. शिवी तुमी केली त्याची, आमी न्हाई.” त्यांनी खाली बघून कानस चालवली. मग मी एक बारीक ठसा करून घेतला, कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा, आणि माझ्या प्रत्येक पेचकसाच्या मानेवर तो मारायला लागले. आईच्या कोयत्याचे एकूण सहा झाले. नंतरचे कमानपाट्याचे, पण ठसा तोच. आता मोबाईलवर फोटो बघून कुठून कुठून बंदूक दुरुस्त करणारे मागवतात, आणि काहीजण विचारतात, हे चिन्ह कशाचं? मी सांगते. कुणाला आवडत नसेल त्यानं बाजारातला घ्यावा आणि आपल्या स्क्रूचे ओठ फाडावेत.

मामांचा एक डोळा आता पूर्ण गेलाय, दुसरा जेमतेम. लायसन अजून त्यांचंच, बंदूक अजून तेच उघडतात, हाताच्या अंदाजानं. मी शेजारी बसते आणि लागेल ते हातात देते. ‘कोयतेवाली’वर त्या दिवशी ते काही बोलले नव्हते ते नव्हते, पुढंही कधी नाही. मीही वाट बघायची सोडून दिली होती.

मागच्या आठवड्यात एक जुनी दुनळी आली. मामांनी हात पुढं केला. त्यांच्या स्वतःच्या जुन्या गुंडाळीतला एक त्या खाचेला बसत होता, म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून मी मुद्दाम तो दिला. त्यांनी अंगठ्यानं त्याची मान चाचपली. एकदा, पुन्हा एकदा. मान गुळगुळीत लागली तसा त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला.

“हा नको,” म्हणाले. “कोयत्याचा दे.”